टीएमसीला क्युसेकने भागायचं की गुणायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सिव्हिलचा डिप्लोमा झालाय, कनिष्ठ अभियंता पदाच्या परीक्षेची तयारी चालू आहे. पेपरात बातमी वाचलीत की धरणात ८५ टीएमसी पाणी आहे आणि ४०,००० क्युसेकने विसर्ग सुरू आहे. या वेगाने धरण किती दिवसांत रिकामं होईल ते काढायला बसलात, तर एकदा उत्तर आलं ०.००२ आणि उलटा भागाकार केल्यावर ४७०. मग एककांच्या रूपांतराचा तीन पानी तक्ता वहीत उतरवून घेतलात. आता विचारताय की हा सगळा तक्ता पाठ करू का, आणि मितीय विश्लेषण हा विषय दोन मार्कांपुरताच आहे की कामावर त्याचा खरंच उपयोग होतो.

पाटबंधाऱ्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींना हिशेब शिकवायचं कामही वाट्याला आलं आहे. त्या अनुभवावरून सांगतो, तक्ता पाठ करू नका. तुमची अडचण पाठांतराची नाहीच. तुम्ही ८५ आणि ४०,००० हे दोन आकडे घेतलेत आणि त्यांची एककं पहिल्याच ओळीत सोडून दिलीत. एककं गेली की हातात उरतात नुसते आकडे, आणि कुठल्या आकड्याने कुठल्याला भागायचं हे आकडे कधीच सांगत नाहीत. ते एककं सांगतात.

आधी हे बघा की टीएमसी आणि क्युसेक या दोन वेगळ्या जातीच्या राशी आहेत. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, आपल्या मोजणीत १०० कोटी घनफूट. हे आकारमान झालं, टाकीत किती पाणी आहे ते. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. हा प्रवाह झाला, नळातून पाणी किती वेगाने जातंय तो. बातम्यांत सर्रास ‘धरणातून ४०,००० क्युसेक पाणी सोडलं’ असं छापतात. वाचताना वाटतं की ४०,००० नावाचं काहीतरी मोजून सोडलं आणि विषय संपला. प्रत्यक्षात किती वेळ सोडलं हे कळल्याशिवाय किती पाणी सोडलं ते कळतच नाही. आकारमानाला प्रवाहाने भागलं की वेळ मिळतो, प्रवाहाला वेळेने गुणलं की आकारमान मिळतं. मितीय विश्लेषण म्हणजे मुळात एवढंच. लांबी, वस्तुमान, वेळ यांचा हिशेब आकड्यांच्या बरोबरीने ठेवायचा.

आता तुमचंच गणित एककांसकट मांडू.

८५ टीएमसी × १०० कोटी घनफूट प्रति टीएमसी = ८,५०० कोटी घनफूट

८,५०० कोटी घनफूट ÷ ४०,००० घनफूट प्रति सेकंद = २१,२५,००० सेकंद

२१,२५,००० सेकंद ÷ ८६,४०० सेकंद प्रति दिवस = २४.६ दिवस

प्रत्येक ओळीत वरचं आणि खालचं एकक कसं छाटलं जातं ते बघा. पहिल्या ओळीत टीएमसी टीएमसीला कापतं, दुसरीत घनफूट घनफुटाला, तिसरीत सेकंद सेकंदाला. तिसऱ्या ओळीत भागायच्या ऐवजी ८६,४०० ने गुणलं असतं, तर एकक आलं असतं ‘सेकंद वर्ग प्रति दिवस’. अशी कुठलीही राशी नसते, म्हणजे पायरी उलटी पडली. गुणायचं की भागायचं हा प्रश्न डोक्याने सोडवायची गरज नाही. एककं लिहिलीत तर तो कागदावरच सुटतो. तुमचं ०.००२ हे उत्तरसुद्धा चुकीचं नव्हतं, अपुरं होतं. ते ‘टीएमसी प्रति क्युसेक’ होतं. त्यापुढे टीएमसीचे घनफूट केले आणि सेकंदांचे दिवस केले असते तर २४.६ वरच पोचला असता.

रूपांतराचा प्रत्येक गुणक हा खरं तर १ असतो, हे एकदा नीट मनात बसवा. १ दिवस आणि ८६,४०० सेकंद ही एकच गोष्ट, म्हणून त्यांचा भागाकार १. एकाने गुणलं काय, भागलं काय, राशी बदलत नाही, फक्त तिचं लेखन बदलतं. म्हणून हा अपूर्णांक हवा तसा उलटवायची मुभा आहे. जे एकक घालवायचं आहे ते समोरच्या बाजूला येईल असा उलटवायचा, बस.

आमच्या कामात एक आकडा मात्र सगळ्यांच्या तोंडी असतो, तो तुम्हीही ठेवा. १०० कोटी घनफुटांना ८६,४०० ने भागलं की येतात ११,५७४. म्हणजे ११,५७४ क्युसेकचा प्रवाह दिवसभर चालला तर एक टीएमसी पाणी जातं. ४०,००० क्युसेक म्हणजे दिवसाला साधारण साडेतीन टीएमसी. ८५ ला साडेतीनने भागा, चोवीस-पंचवीस दिवस. पूरनियंत्रण कक्षात कॅल्क्युलेटर हातात घ्यायच्या आधी हाच हिशेब मनात होतो.

एवढं झाल्यावर प्रामाणिकपणे सांगायला हवं की २४.६ दिवस हे परीक्षेतलं उत्तर आहे, नदीकाठचं नाही. प्रत्यक्षात ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून असतं.

पहिली गोष्ट आवक. विसर्ग चालू असतो तेव्हा बहुतेक वेळा वरून पाणीही येत असतं. आवक ३०,००० आणि विसर्ग ४०,००० असेल तर साठा निव्वळ १०,००० क्युसेकने घटतो, म्हणजे एक टीएमसी कमी व्हायलाच सव्वा दिवसाच्या आसपास लागतो. ही वजाबाकी करता येते कारण दोन्ही राशी एकाच जातीच्या आहेत. बेरीज-वजाबाकीला मिती सारखी लागते आणि एककही सारखं लागतं. गुणाकार-भागाकाराला तसं बंधन नाही, तिथे नवी राशी तयार होते.

दुसरी गोष्ट, सांडव्याच्या दरवाज्यांतून सांडव्याच्या माथ्यावरचंच पाणी जाऊ शकतं. त्याखालचं पाणी विमोचकातून (धरणाच्या खालच्या भागातल्या दारातून), वीजगृहातून किंवा कालव्यातून सोडावं लागतं आणि त्यांची क्षमता दरवाज्यांच्या मानाने फारच थोडी. पातळी उतरत गेली की दरवाजा तेवढाच उघडा ठेवूनही विसर्ग कमी होत जातो, तो निराळाच. त्यामुळे दरवाज्यांतून धरण रिकामं होतच नाही.

तिसरी गोष्ट मृतसाठा, म्हणजे एरवी वापरात न धरलेलं तळाचं पाणी; त्याच्या वरचा तो उपयुक्त साठा. इथे आकडेवारी वाचताना जाणकारसुद्धा अडखळतात. कोयनेची एकूण क्षमता १०५.२५ टीएमसी, त्यातला मृतसाठा पाचेक टीएमसीच. तिथे एकूण आणि उपयुक्त यांत गल्लत झाली तरी फार बिघडत नाही. उजनीचं तसं नाही. उजनीची एकूण क्षमता ११७.२३ टीएमसी, त्यातले ६३.६६ मृतसाठ्यात, उपयुक्त फक्त ५३.५७. समजा उजनीत एकूण १०० टीएमसी पाणी आहे. एकूण क्षमतेशी तुलना केली तर धरण ८५ टक्के भरलं. पण टक्केवारी जाहीर होते ती उपयुक्त साठ्याची. १०० वजा ६३.६६ म्हणजे ३६.३४, आणि त्याची ५३.५७ शी तुलना केली तर ६८ टक्के. तेच पाणी, तेच धरण. आणखी पुढे बघा. एकूण साठा ६० टीएमसीवर आला की उजनी उणे सात टक्क्यांवर जाते. सोलापूरच्या लोकांना ‘उजनी मायनसमध्ये’ या बातमीची सवय आहे, पण बाहेरच्या माणसाला प्रश्न पडतो की धरणात पाणी उणे कसं असेल. टक्केवारीला मिती नसते. ती कशाची कशाशी तुलना आहे हे आकड्यात दिसत नाही, म्हणून ते शेजारी लिहावंच लागतं. परीक्षेच्या प्रश्नातही ‘साठा’ एवढाच शब्द असेल तर कुठला साठा गृहीत धरला ते उत्तरात एका ओळीत नोंदवा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे विचाराल म्हणून सांगतो. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, तरी आपण पाणी घनफुटांत का मोजतो? कृष्णेच्या पाण्याचं वाटप लवादाने केलं ते टीएमसीमध्ये, राज्याराज्यांतला करार-तंटा त्याच एककात बोलला जातो, आणि जुने विसर्ग तक्तेही घनफुटांतलेच. दुसरीकडे जायकवाडीचा उपयुक्त साठा २,१७१ दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर, असा वाचायला मिळतो. मुंबईची महापालिका दशलक्ष लिटरमध्ये बोलते. एक टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी, त्यामुळे जायकवाडीचे २,१७१ दलघमी जवळपास ७७ टीएमसी होतात. कोणाचंच एकक चुकीचं नाही. तीन वर्तमानपत्रं शेजारी ठेवून वाचायची असतील तर तिन्हींची सवय हवी, इतकंच.

‘वर्षाला इतके टीएमसी’ हा प्रकार मात्र नीट ओळखा. कोयनेतून पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी वळवायची मुभा आहे. यात टीएमसी दिसतं, पण मागे ‘वर्षाला’ आहे, म्हणजे ही राशी प्रवाहाची. सेकंदात मांडली तर सरासरी २,१४० क्युसेक येते. नावावर जाऊ नका, मितीवर जा.

आता तुमच्या अभ्यासक्रमातल्याच एका गोष्टीकडे वळतो, कारण मितीय विश्लेषणाचा उपयोग काय याचं सगळ्यात चांगलं उत्तर तिथे आहे. ड्युटी आणि डेल्टा. बेस पिरियड म्हणजे पिकाला पाणी देण्याचा काळ, ड्युटी म्हणजे तेवढ्या काळात एकक प्रवाहावर किती क्षेत्र भिजतं ते, आणि डेल्टा म्हणजे त्या काळात शेतावर एकूण किती उंचीचं पाणी बसतं ते. तुम्ही सूत्र पाठ केलं असेल, डेल्टा = ८.६४ × बेस पिरियड ÷ ड्युटी. डेल्टा मीटरमध्ये, बेस पिरियड दिवसांत, ड्युटी हेक्टर प्रति क्युमेक. जुन्या पुस्तकात किंवा जुन्या प्रश्नपत्रिकेत हेच सूत्र १.९८३ घेऊन येतं, आणि मुलं गोंधळतात की ८.६४ खरं की १.९८३.

८.६४ आलं कुठून ते बघू. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर. हा प्रवाह एक दिवस चालला तर ८६,४०० घनमीटर पाणी. ते एक हेक्टरवर, म्हणजे १०,००० चौरस मीटरवर पसरलं तर घनमीटर भागिले चौरस मीटर, उरतो मीटर, आणि आकडा येतो ८.६४. म्हणजे ८.६४ हा निसर्गाचा कुठला स्थिरांक नव्हे. तो दिवसातले सेकंद भागिले हेक्टरमधले चौरस मीटर एवढाच आहे. आता तेच घनफूट आणि एकरात करा. एक क्युसेक दिवसभर चालला तर ८६,४०० घनफूट. एकरात ४३,५६० चौरस फूट. भागाकार १.९८३. दोन्ही सूत्रं एकच, फक्त एककं वेगळी. हे एकदा स्वतःच्या हाताने केलंत की सूत्र विसरायची भीतीच राहत नाही, कारण परीक्षा हॉलमध्ये बसून ते अर्ध्या मिनिटात परत तयार करता येतं. आणि प्रश्नात मुद्दाम ड्युटी एकर प्रति क्युसेक देऊन डेल्टा सेंटीमीटरमध्ये मागितला तरी पाय घसरत नाही.

याच हिशेबातून शेतावर रोज उपयोगी पडणारी एक गोष्ट निघते. एक क्युसेक एक तास चालला तर ३,६०० घनफूट पाणी होतं. एका एकरावर एक इंच पाणी उभं करायला ४३,५६० भागिले १२, म्हणजे ३,६३० घनफूट लागतं. फरक एक टक्क्याहूनही कमी. म्हणून एक क्युसेक, एक तास, एक एकर, एक इंच. पाळीवर शेतकरी म्हणाला की चारीला एक क्युसेक होतं, सहा तास दोन एकर भिजवलं, तर उभ्या उभ्या कळतं की तीन इंच, म्हणजे ७५ मिलिमीटरच्या आसपास पाणी बसलं. ‘सहा तास दिलं तरी सरी पुढे सरकली नाही’ अशी तक्रार आली तर याच हिशेबावरून समजतं की चारीला खरंच एक क्युसेक होतं की निम्मं वाटेत मुरत होतं.

कालव्याच्या नोंदवहीचंही उदाहरण देतो. वितरिकेच्या (कालव्याच्या फाट्याच्या) तोंडाशी गेज, म्हणजे पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी, वाचायची, विसर्ग तक्त्यात बघून क्युसेक लिहायचे, किती वेळ चाललं ते लिहायचं, अशी जुनी रीत. पण पाणी वापर संस्थेला कोटा दिलेला असतो घनमीटरमध्ये. समजा वहीच्या विसर्गाच्या रकान्यात नुसतं १२ लिहिलंय आणि आवर्तन आठ दिवस चाललं. १२ क्युसेक असतील तर १२ × ०.०२८३ म्हणजे सेकंदाला ०.३४ घनमीटर, त्याला ८६,४०० आणि ८ ने गुणलं की सुमारे २.३५ लाख घनमीटर. पुढच्या आवर्तनात दुसरा माणूस येतो, त्याच्याकडचा तक्ता लिटर प्रति सेकंदाचा, तो त्याच रकान्यात ३४० लिहितो. १२ आणि ३४० हे एकच पाणी. पण रकान्याच्या डोक्यावर एकक नसेल तर हंगामाच्या शेवटी बेरीज करणारा या दोन्ही आकड्यांची बेरीज करणार, आणि मग संस्थेची बैठक रात्री उशिरापर्यंत चालणार. माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हेच सांगतो की रकान्याच्या डोक्यावर एकक लिहिल्याशिवाय त्यात आकडा भरायचा नाही. मोजमाप वितरिकेच्या तोंडाशी घेतलं की शेतचारीवर, तेही लिहायचं, कारण मधल्या गळतीचा वाद एककं जुळवून मिटत नाही.

आता सगळ्यात जास्त घडणारी चूक. एक मीटर म्हणजे ३.२८ फूट हे सगळ्यांना येतं. मग क्षेत्रफळालाही ३.२८ नेच गुणलं जातं. चौरस मीटरमध्ये मीटर दोनदा आहे, म्हणून गुणकही दोनदा लागतो, १०.७६. घनमीटरला तीनदा, ३५.३१. ‘मीटर × मीटर’ असं मोकळं लिहिलंत तर दोनदा गुणायची आठवण आपोआप होते, ‘चौ.मी.’ असं आखडून लिहिलं की विसरते.

जमिनीच्या मापात याच्या जोडीला आणखी एक सापळा असतो. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, गावात बोलणं गुंठ्यात. गुंठा म्हणजे ३३ फूट × ३३ फूट, १,०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १,०७६ चौरस फूट. दोन्ही इतके जवळ की लोक एक आर म्हणजे एक गुंठा धरून चालतात. शेतात खत टाकायला हे पुरेसं आहे, तिथे एक टक्क्याचा कीस काढण्यात अर्थ नाही. पण हेक्टरभराच्या व्यवहारात १०० गुंठे आणि १०० आर यांत १,२६० चौरस फुटांचा फरक पडतो, आणि शहरालगतच्या जमिनीत तेवढ्यात एक घर बसतं. किती अचूकता हवी हे कामावर ठरतं. तुमच्या गणितातही कॅल्क्युलेटर २४.५९४९ दाखवेल, पण मूळ आकडा ८५ म्हणजे दोनच अंकांचा, तेव्हा ‘सुमारे २५ दिवस’ हेच खरं उत्तर.

एकक नसलेला गुणक किती महागात पडतो याची एक प्रसिद्ध घटना आहे. ती मी शिकवताना आकड्यांसकट फळ्यावर लिहितो. २३ जुलै १९८३, एअर कॅनडाचं बोइंग ७६७ मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं होतं. कॅनडात तेव्हा मेट्रिककडे वाटचाल चालू होती आणि या नव्या विमानांत इंधनाचा हिशेब किलोत होता. इंधनमापक बंद असल्यामुळे टाकीत पट्टी बुडवून मोजलं, ७,६८२ लिटर निघालं. प्रवासाला लागणार होतं २२,३०० किलो. लिटरचे किलो करायला कागदावर गुणक होता १.७७. तो वापरून टाकीत १३,५९७ किलो आहे असं ठरलं, उरलेल्या ८,७०३ किलोचे त्याच गुणकाने लिटर केले आणि ४,९१६ लिटर भरून विमान निघालं. पण १.७७ हा लिटरमागे पौंडांचा गुणक होता. किलोचा गुणक ०.८०३. टाकीत खरं तर ६,१६९ किलोच होतं आणि भरायला हवं होतं २०,०८८ लिटर. म्हणजे एकूण इंधन गरजेच्या निम्म्याहूनही कमी. वाटेत दोन्ही इंजिनं बंद पडली, आणि वैमानिकांनी ते अवाढव्य विमान तरंगवत नेऊन गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. सगळे वाचले.

या घटनेत मला महत्त्वाचं वाटतं ते असं. १.७७ हा आकडा किलो प्रति लिटर असता, तर ते इंधन पाण्याच्या पावणेदोनपट जड ठरलं असतं. पाणी एक किलो प्रति लिटर. रॉकेलसारखं इंधन पाण्यावर तरंगतं हे कोणालाही माहीत असतं. आकड्याशेजारी ‘किलो प्रति लिटर’ एवढं लिहिलेलं असतं, तर कोणाच्या ना कोणाच्या नजरेला ते खुपलं असतं. एकक लिहिण्याने गणित सोपं होतंच, पण त्याहून मोठा फायदा असा की आकडा ओळखीचा होतो आणि चुकला तर आपल्याला हटकतो. म्हणून उत्तर आलं की त्याला ओळखीच्या गोष्टीशी ताडून बघायची सवय लावा. ८५ टीएमसीचं धरण ०.००२ दिवसांत, म्हणजे तीन मिनिटांत, रिकामं होईल का?

मितीय विश्लेषण कुठे अपुरं पडतं हेही सांगायला हवं, कारण पुस्तकात ते घाईत उरकतात. ते तुम्हाला सूत्राचा सांगाडा देतं, स्थिरांक देत नाही. पाण्याच्या उंचीवरून दरवाज्याखालून निघणाऱ्या पाण्याचा वेग काढायचा असेल, तर मीटर आणि मीटर प्रति सेकंद वर्ग यांच्यापासून मीटर प्रति सेकंद तयार करायचा एकच मार्ग उरतो, दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. गुरुत्वत्वरण आणि उंची यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, इतकं कागदावरच मिळतं. पण त्याच्या आत २ आहे, हे ऊर्जेच्या नियमातून कळतं, आणि प्रत्यक्षात विसर्ग गुणांक ०.६ की ०.७ हे प्रयोगातून. मिती जुळली म्हणजे सूत्र बरोबर असं नाही. मिती जुळली नाही तर सूत्र नक्की चूक, एवढंच म्हणता येतं.

आणि काही सूत्रांत एककं दडवलेली असतात. कालव्यातल्या पाण्याचा वेग काढायचं मॅनिंगचं सूत्र घ्या, तुमच्या परीक्षेत ते हमखास असतं. मीटरमध्ये काम करताना वर १ असतो, फुटांत करताना १.४८६. रफनेसचा, म्हणजे पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचा गुणांक मात्र दोन्हीकडे तोच, सिमेंटच्या अस्तराला ०.०१५ च्या आसपास. हा १.४८६ म्हणजे ३.२८ चं घनमूळ आहे. प्रयोगातून बसवलेल्या सूत्रात मिती आपसूक जुळत नाही, म्हणून एककं बदलताना गुणक वरून घालावा लागतो. पावसाचं किती पाणी वाहून येईल ते काढायच्या रॅशनल सूत्रातला ३६० मात्र वेगळ्या जातीचा आहे. तासाला एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरवर पडला तर तासाला १० घनमीटर, म्हणजे सेकंदाला एक भागिले ३६० घनमीटर. हा ८.६४ चाच भाऊ. सूत्रात अनोळखी आकडा दिसला की तो एककांतून आलाय की प्रयोगातून, हे शोधायचा प्रयत्न करा. एककांतून आलेला आकडा तुम्ही स्वतः परत तयार करू शकता. प्रयोगातून आलेला पाठच करावा लागतो आणि तो कुठल्या एककांसाठी आहे तेही.

मग पाठ काय करायचं? माझ्या मते तीन पानांपैकी इतकंच ठेवा: फूट ०.३०४८ मीटर, एकर ४३,५६० चौरस फूट, हेक्टर १०,००० चौरस मीटर, घनमीटर १,००० लिटर, दिवस ८६,४०० सेकंद, टीएमसी १०० कोटी घनफूट, अश्वशक्ती ७४६ वॅट. बाकी सगळं यांतून निघतं. तापमानाला हे गुणक चालत नाहीत हे लक्षात असू द्या, कारण सेल्सिअस आणि फॅरनहाइट यांचे शून्य वेगवेगळे आहेत. १० अंश सेल्सिअस तापमान म्हणजे ५० फॅरनहाइट, पण १० अंशांची वाढ म्हणजे १८ अंशांची वाढ.

सरावाला एक गणित देतो. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांची मिळून क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. याचे टीएमसी करा. वर सांगितलेल्या आकड्यांशिवाय काही लागणार नाही. फुटापासून घनफूट काढताना ०.३०४८ तीनदा घ्यायला विसरू नका. ५१.१ आलं पाहिजे, म्हणजे सातही तलाव मिळून एकट्या उजनीच्या उपयुक्त साठ्याहून थोडे कमी. मग रोजचा पुरवठा ३,९०० दशलक्ष लिटर धरून किती दिवस पुरतील ते काढा. ३७१ येतील, पण त्यात बाष्पीभवन धरलेलं नाही. अडलात तर तुमच्या सगळ्या पायऱ्या एककांसकट लिहून पाठवा, नुसतं उत्तर नको.